व्हय महाराजा

वडील गेल्यावर त्यांचा रखडत चालणारा कॉम्प्युटर मी भोईवाड्यात जिन्याखाली बसणाऱ्या एका मेकॅनिककडे नेला. नाव कधी विचारलं नाही. त्याने स्क्रू काढून बशीत ठेवले, रंगाच्या ब्रशने धूळ झटकली आणि ताप बघावा तसा कॅबिनेटवर तळवा ठेवला.

"मशीन बरी आसा. हलकी, फुकटातली लिनक्स सिस्टीम घालतंय, पळतली. पण आतला सगळा जातला. वडलांचा काय आसा तर बघून घेवा."

मला ऑफिसची घाई होती. "काही नाही हो."

"पुसू मां?" त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागून त्याच्याच हेलात म्हणालो, "व्हय महाराजा!"

तो हसला नाही. त्याने बटण दाबलं.

गणपतीत आरतीनंतर सगळे हात जोडून उभे राहिले. देवाला गाऱ्हाणं वडीलच घालायचे. ते एकेक मागणं मागत, आम्ही मागून "व्हय महाराजा" म्हणायचो. आई म्हणाली, "त्यांनी सगळं टाइप करून ठेवलंय रे, बघ ना."

कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला. आत काहीच नव्हतं. गाऱ्हाण्यातले मला दोनच शब्द येत होते, आणि ते मी जिन्याखाली आधीच म्हणून बसलो होतो.