टोरांटोला किती तास लागतात?

सातपूरला माझं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस आहे. ‘किती लांब आणि किती तास’ या एका प्रश्नाचे एवढे किस्से साठलेत, की सांगायला बसले तर शटर ओढून घ्यावं लागेल! पण सोनवणे काका-काकूंनी जेवढं डोकं उठवलं, तेवढं कोणीच नाही.

काका इथल्याच कारखान्यात क्वालिटी चेकिंगला होते, आता रिटायर. लेक टोरांटोला, पहिलंच बाळंतपण. काकूंचं एकच म्हणणं, "बाळ यायच्या आत मला तिथं पोचव."

*

तिकिटावर होतं: सकाळी सहाला निघणार, त्याच संध्याकाळी साडेसहाला पोचणार. काका म्हणाले, साडेबारा तास. मी म्हटलं, बावीस, कारण तिथलं घड्याळ आपल्या मागे असतं. तीनदा समजावलं. कागदावर दोन घड्याळं काढून दाखवली. काकांनी चष्मा पुसून पुन्हा तिकीट वाचलं आणि विचारलं, "मग मधले साडेनऊ तास कोणी घेतले?"

*

काकूंना विमान विनाथांबा हवं होतं, पुण्याच्या एसटीसारखं. त्या तारखेला ते मिळेना. मी म्हटलं, फ्रँकफर्टला चार तास थांबावं लागेल. काकू म्हणाल्या, "जेवणासाठी असेल तर थांबू नका म्हणावं. आम्ही डबा घेतोय."

*

त्याच वेळी पिंपळगावचे एक द्राक्षवाले शेट तिकिटासाठी येऊन बसले होते. त्यांना राहवेना. म्हणाले, "मावशी, आमची द्राक्षं महिनाभर जहाजात बसत्यात, कुरकुर करत नाय."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "द्राक्षांची लेक बाळंत व्हायची नसते."

शेटनी टेबलावरचा पेपर उचलून तोंडासमोर धरला.

*

मग काका नकाशा आणि स्टीलची पट्टी घेऊन आले. सरळ रेघ मारून अंतर काढलेलं. माझ्या कॉम्प्युटरवर विमानाची वाट वर वाकलेली. "वाकड्यात नेतोय हा. त्यातच वेळ जातो." शेवटी वैतागून मी माझ्या डब्यातली मोसंबी काढली, दोरा ताणून दाखवला की गोल जगावर तीच वाट जवळची पडते. दुसऱ्या दिवशी काका परत हजर. घरी दुसऱ्या मोसंबीवर मोजून पाहिलं म्हणाले. "बरोबर आहे तुझं. पण लांबच आहे गं."

त्या दिवशी मला त्यांच्यावर चिडता आलं नाही.

*

डॉक्टरांच्या तारखेच्या दहा दिवस आधी दोघांना विमानात बसवलं. सुटले एकदाची! दुपारी डबा उघडणार, तोच फोन. काकू, फ्रँकफर्टहून. मागे काका नाक ओढत होते.

मुलगी झाली होती. आत्ताच, तारखेच्या दहा दिवस आधी.

मी आधी अभिनंदन म्हटलं, मग सॉरी म्हटलं. काकू मग म्हणाल्या,

"आमची वाट बावीस तासांची, तिची नऊ महिन्यांची. तरी पोरगी आमच्याआधी पोचली बघ."