माहितीपटात नसलेल्या काकू

उत्तर द्यायचं नसलं की काकू तोंडात टाचण्या धरत. साड्यांना फॉल लावायचं त्यांचं काम, त्यामुळे टाचण्या हाताशी असायच्याच. आपण काही नको ते विचारलं की एकेक टाचणी उचलून ओठांत धरायच्या आणि मान खाली घालून शिवत बसायच्या. तोंडात चार टाचण्या असलेल्या बाईकडून उत्तर काढणं किती अवघड असतं, हे एकदा करून बघा. मी केलंय. माझं तेव्हाचं कामच ते होतं.

मी माहितीपटांच्या संहिता लिहायचे. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या ते दिवस. दर गुरुवारी तिथल्या एका महाराजांच्या आश्रमाबाहेर गाड्यांची रांग लागायची आणि दर्शनाला उभ्या असलेल्यांतल्या निम्म्यांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत असायचं. परदेशातल्या भक्तांनाही महाराज घरबसल्या दिसावेत म्हणून आश्रमाच्या ट्रस्टने माहितीपट करायला घेतला. महाराजांच्या पूर्वायुष्याची माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ती मन लावून काढली, तिथेच सगळी पंचाईत झाली.

संन्यास घेण्याआधी महाराज खडकीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांच्याबरोबर काम केलेले एक निवृत्त गृहस्थ मला भेटले. बोलता बोलता म्हणाले, "त्यांच्या मिसेस असतात ना नारायण पेठेत. फॉल-पिको करतात." आश्रमाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्याच पानावर महाराजांच्या नावामागे 'बालब्रह्मचारी' असं छापलेलं होतं!

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या दारात उभी. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साडी कुठंय?" म्हणाल्या. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी हातातली साडी बाजूला ठेवली. मग खुर्चीवरचे कपडे उचलले आणि म्हणाल्या, "बसा. यांच्याबद्दल विचारायला इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं. येतात ते फॉलचा रंग जुळतो का, एवढंच विचारायला येतात."

पुढच्या आठवड्यात आम्ही कॅमेरा घेऊन गेलो.

"गेले ते कामावरूनच गेले," काकू सांगत होत्या. "संध्याकाळी बरोबरच्या एकांनी डबा आणून दिला. म्हणाले, वहिनी, साहेब परत यायचे नाहीत, हिमालयात गेलेत. मी आधी डबा उघडला. भेंडीची भाजी दिली होती. सगळी खाल्ली होती हो." मग म्हणाल्या, "भांडून जाणारा माणूस भाजी टाकून जातो. हे डबा पुसून खाऊन गेले."

कॅमेरामन नाक ओढायला लागला. नवरा आपल्याला कंटाळून गेला नाही, याचा या बाईकडे एवढाच पुरावा होता आणि तो तिने आयुष्यभर जपला होता.

कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा श्रीकांत तीन वर्षांचा होता. "मेले असते तर त्यांच्या जागी मला घेतलं असतं," काकू अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या. "मोठे साहेब भले होते बिचारे. म्हणाले, बाई, काय करू, संन्यासाला अनुकंपा लागू नाही."

"राग नाही आला तुम्हाला?" मी विचारलं. त्यांनी दोन टाचण्या उचलून ओठांत धरल्या.

निघताना मात्र त्या जिन्यापर्यंत आल्या. "एक मागू का? मला दाखवा, नाहीतर नका दाखवू. पण यांना बालब्रह्मचारी म्हणू नका. सहा वर्षं संसार केलाय आम्ही. चांगला केलाय. नाहीतर श्रीकांत काय आभाळातून पडला?"

मी शब्द दिला नाही, प्रयत्न करते म्हटलं. आणि खरंच केला. ट्रस्टच्या मंडळींनी माहितीपट बघितला, काकूंचा सगळा भाग काढायला लावला आणि निवेदनात 'बालब्रह्मचारी' हा शब्द घातला. मी दिग्दर्शकाशी कडाकडा भांडले. "अहो, बाईला काढलंत ते काढलंत, निदान तो शब्द तरी काढा!" तो म्हणाला, "ट्रस्टची फिल्म आहे मॅडम, आपण कोण?" मग मी काम सोडलं आणि माझं नाव तरी श्रेयनामावलीतून काढा म्हटलं. ते लगेच काढलं. तेवढं एकच ऐकलं माझं.

काकूंना जाऊन सगळं सांगितलं. "चालू द्या त्यांचं," म्हणाल्या. "पण मला बघायचाय. इतक्या वर्षांत आवाज ऐकला नाही यांचा."

पहिल्या खेळाला आम्ही दोघी मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर महाराज बोलायला लागले तशा काकू पुढे सरकल्या. "आवाज बसलाय," माझ्या कानाशी कुजबुजल्या. "अजून गार पाणी पीत असतील." तेवढ्यात निवेदनात तो शब्द आला. काकूंनी पदर घट्ट ओढून घेतला. मला वाटलं, सुटलो, वाईट होतं ते होऊन गेलं.

कसलं काय! पुढे भक्तांच्या मुलाखती होत्या. त्या मी काम सोडल्यावर चित्रित केलेल्या. पडद्यावर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण आला, खाली अक्षरं आली: सॉफ्टवेअर इंजिनीअर, साधक. "महाराज मला वडिलांसारखे आहेत," तो सांगत होता.

तो श्रीकांत होता. काकूंच्या घरी फोटोत पाहिला होता मी त्याला. काकूंकडे बघायचा मला धीर होईना. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "चांगला बोलला ना? शाळेत चार लोकांपुढे उभं राहायला घाबरायचा."

परतताना रिक्षात मी नुसती धुमसत होते. पेपरात देऊ या, सगळं बाहेर काढू या, असं बरंच काही बडबडले. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आश्रमात कुणाला ठाऊक नाही तो कोण ते. दर गुरुवारी रांगेत उभा राहतो, पायावर डोकं ठेवतो, प्रसाद घेऊन येतो. एवढाच बाप मिळतो त्याला. बोलला तर दारातही उभं करायचे नाहीत. तुम्ही पेपरात द्याल, आणि त्याचा गुरुवार जाईल."

"आणि तुमचं काय, काकू?"

त्यांनी बाहेर बघितलं. टाचण्या घरी होत्या, म्हणून उत्तर द्यावं लागलं. "मला वाईट वाटलं," म्हणाल्या. "खूप वाटलं."

नंतरही कित्येक वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. साड्या न्यायचे, गप्पा व्हायच्या. महाराजांचा विषय त्या काढत नसत, मीही नाही. आणि एका सकाळी श्रीकांतचा फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या.

मी पोचले तेव्हा खोलीत बायका बसल्या होत्या. तळमजल्यावरच्या बाई सगळ्यांत पुढे, सत्तरीच्या, एका वाक्यात माणसाला गार करणाऱ्या. त्यांच्या मांडीवर नवी हिरवी साडी होती, शेजारी कुंकवाचा करंडा. पेठेत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. बाईंना आज विचारणं भाग होतं.

"श्रीकांत, सवाष्ण म्हणून न्यायची ना रे हिला?"

श्रीकांतचा चेहरा उतरला. हो म्हणावं तर बाप कोण ते सांगणं आलं. नाही म्हणावं तर जिवंत बापाला मारणं आलं. "आश्रमात विचारून सांगतो," तो म्हणाला आणि मोबाईल घेऊन गॅलरीत गेला. तिथे त्याने काय सांगितलं, कोण म्हणून सांगितलं, देव जाणे. साडीची घडी तशीच. माझा इतका संताप होत होता की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने तो आत आला. "महाराज मौनात आहेत," म्हणाला. "सध्या कुणाशीच बोलत नाहीत."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मौनात आहेत म्हणजे आहेत ना?"

"हो."

"मग झालं तर. सरक बाजूला."

त्यांनी करंडा उघडला, मूठभर कुंकू घेतलं आणि काकूंच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मळवट भरला. इतक्या वर्षांत त्या कपाळावर मी साधी टिकलीसुद्धा पाहिली नव्हती. श्रीकांत मोबाईल हातात धरून तसाच उभा होता. "बघत काय राहिलास?" बाई म्हणाल्या. "पाया पड आईच्या."