वाऱ्याला निर्दोष ठरवणाऱ्या शेख मॅडम

ग्रंथालयात भूगोलाचं नवं पुस्तक आलं की शेख मॅडम आधी वाळवंटाचा धडा उघडत. ‘वाऱ्याच्या घर्षणाने ग्रॅनाइटचे गोल धोंडे बनतात’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं की पेन्सिलीने सरळ काट मारत.

“मॅडम, पुस्तक खराब होतं हो!” ग्रंथपाल कावायचे.

“ते आलं तेव्हाच खराब होतं.”

नाशिकच्या आमच्या कॉलेजात भूगोलाला शेख मॅडम आणि मी, दोघंच. मी विभागप्रमुख. त्या देवळाली कॅम्पहून बसने यायच्या. नवरा लष्करात, म्हणून काही वर्षं राजस्थानात काढलेली. तिथले खोलीएवढाले गोल धोंडे त्यांच्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत. ते शिकवताना मॅडम धुण्याच्या साबणाची कोरी वडी आणि तांब्याभर पाणी घेऊन वर्गात जात.

“हा जमिनीखालचा ग्रॅनाइट,” वडीवर पाणी ओतत त्या सांगायच्या. “ आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे असे ठोकळे झालेत. भेगांतून पाणी मुरतं, दगड कुजवतं. सपाट बाजूला ते एकीकडूनच भिडतं, कोपऱ्याला तिन्हीकडून. आधी कोण झिजणार?”

“कोपरा!” वर्ग ओरडायचा.

“मग वरची माती वाहून जाते आणि आतला तयार गोळा उघडा पडतो. वारा बिचारा उशिरा येतो आणि नाव मात्र त्याचं होतं!”

एका वर्षी मी अंतर्गत परीक्षेत हाच प्रश्न घातला. नमुना उत्तर माझ्या जुन्या नोट्समधून उतरवलं : वारा. घोटीच्या संगीताने मॅडमचं उत्तर आकृतीसकट लिहिलं होतं. माझ्या कागदावर ते नव्हतं. मी शून्य दिलं.

मॅडम तिची उत्तरपत्रिका घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “सर, हे शून्य कुणाला? तिला की मला?”

“निकाल लागलाय मॅडम. पुढच्या वर्षी बघू.”

“दगड थांबेल हो. पोरगी कशी थांबेल? तिला पुढे स्पेशल भूगोल घ्यायचाय, या गुणांवर कसा मिळेल?”

त्यांनी लेखी अर्ज दिला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसरा दिला, तोही तिथेच गेला. शेवटी एका रविवारी त्या मला घोटीच्या रस्त्याला घेऊन गेल्या. रुंदीकरणासाठी टेकडी उभी कापली होती. कापलेल्या मुरमात गोल दगड रुतून बसलेले, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले.

“हा ग्रॅनाइट नाही, आपला काळा दगड. पण तऱ्हा तीच. आता सांगा, या मातीच्या पोटात वारा कुठून शिरला?”

मला दिसत होतं. कळलंही होतं. तरी सोमवारी मी गुण बदलले नाहीत. त्यासाठी प्राचार्यांसमोर जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणावं लागणार होतं. तेवढंच जमलं नाही.

उन्हाळ्यात मॅडमच्या नवऱ्याची बदली झाली. निरोपाच्या चहाला मी जरा ऐटीतच सांगितलं, “नमुना उत्तर दुरुस्त केलं बरं का!”

त्यांनी कप खाली ठेवला. “मला काय सांगताय, सर? तिला सांगा.”

मी संगीताला फोन लावला. तिने इतिहास घेतला होता.

“माझं उत्तर बरोबर व्हतं, ते मला म्हायत व्हतं सर,” ती म्हणाली. “मॅडम म्हणल्या, नंतर तुमालाबी कळलं व्हतं. खरं हाय का?”

“हो.”

“मंग तवाच का नाय बोलले?”