भोंगाकाका

मुलं त्याला भोंगाकाका म्हणत आणि मोठी माणसं नुसतं भोंगा. वर्षभर तो शहराच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. उन्हाळा लागला की साठवलेली सगळी रजा एकदम टाकायचा आणि तळ्याकाठच्या शिबिरात हजर व्हायचा. शिबिर ताईचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं होतं. शाळेतली नोकरी सोडून तिनं मुलांसाठी हे उन्हाळी शिबिर काढलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "दुसऱ्यांची पोरं सांभाळायची म्हणजे विकतचं दुखणं."

भोंगा म्हणाला, "विकतचं ना? मग निम्मं मी घेतो."

आवाज असा, की या काठावरून त्यानं हाक मारली की पलीकडच्या काठावरची बदकं उडायची. आचारी म्हणायचा, "अरे हळू बोल, दूध नासेल." पोहायला तोच शिकवायचा. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पोराच्या पोटाखाली तळवा धरायचा आणि ओरडायचा, "पाय मार, पाय! तळं तुझ्या मामाचंच आहे, घाबरतोस काय!"

पण त्याची खरी गरज लागायची पहिल्या रात्री. पत्र्याच्या छपराखालची ती लांबलचक खोली, लोखंडी खाटांच्या दोन रांगा, दोरीवर ओले टॉवेल. दिवे मालवले की कुठल्यातरी खाटेवर मुसमुसणं सुरू व्हायचं आणि बघता बघता साथीसारखं पसरायचं. मग व्हरांड्यातून आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! झोपगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. रडणाऱ्या प्रवाशांना खिडकीची जागा मिळेल. ज्यांनी दात घासले नाहीत, त्यांना टपावर बसवण्यात येईल!" पोरं नाक ओढत हसायची आणि हसता हसता झोपायची.

एका हिवाळ्यात त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. ओरडून ओरडून झालं असेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या सकाळी ताई खाटेशेजारी बसली होती. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, काहीतरी विचार. अजून बोलता येतंय तोवर."

ताईला काही सुचेना. तिच्या तोंडून निघालं, "जेवलास का?"

"ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात, वेडे," तो हसून म्हणाला. तेवढ्यात त्याला न्यायला माणसं आली. हेच त्याचं शेवटचं वाक्य.

त्यानंतर तो गळ्याच्या खळगीत केलेल्या भोकातून श्वास घ्यायचा. त्यावर पांढरं फडकं बांधायचा. बसस्थानकावर त्याला पार्सलच्या खोलीत बसवलं. उन्हाळा जवळ आला तशी ताई त्याच्या घरी गेली. त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

"तू नसशील तर मी शिबिर भरवणारच नाही," ताई म्हणाली. त्यापुढे त्याचा इलाज नव्हता.

तो आला, गळ्यात लिहायची पाटी अडकवून. पाण्यात उतरायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. भोकातून पाणी आत गेलं तर उभ्या उभ्या बुडाल, असं बजावलं होतं. पोहणं शिकवायला ताईनं एक तरुण शिक्षिका ठेवली होती. जुनी मुलं भोंगाकाकाला बघून धावत आली आणि जवळ येऊन थबकली. एका नव्या चिमुरडीनं विचारलं, "काका, गळ्याला काय झालं?" तर मोठ्या मुलींनी तिला दटावून गप्प केलं.

पहिल्या रात्री दिवे मालवले आणि जुनी मुलं ओरडली, "गाडी! गाडी!" मग ताईच व्हरांड्यात उभी राहिली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे," ती म्हणाली. शब्द तेच, पण आवाज शाळेतल्या बाईंचा. मुलांनी वर्गात ऐकतात तसं शहाण्यासारखं ऐकलं. हसलं कुणीच नाही. पायरीवर बसलेला भोंगा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि घासलेली पातेली पुन्हा घासत बसला. आचाऱ्यानं त्याला अडवलं नाही.

मग तळ्यावरची ती दुपार आली. शिक्षिका खोल पाण्याआधी बांधलेल्या दोरीच्या एका टोकाला मुलांना घेऊन होती. वाहत चाललेल्या चेंडूमागे ती चिमुरडी दोरीखालून पलीकडे गेली. काठावरच्या भोंग्यानं ते पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज कुठला? गळ्याशी नुसती हवा फुसफुसली. त्यानं पालथ्या होडीवर पाटी आपटली, ती फुटली. पाण्यात मुलांचा एवढा कल्ला, की कुणाला ऐकूच गेलं नाही. तो तसाच पाण्यात घुसला. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, फडक्याची कड भिजली, आणि तो थांबला. पोरीचे हात समोरच वर येत होते आणि आत जात होते.

"काका, बाहेर या! तुम्हाला पाणी चालत नाही!" शिक्षिका ओरडली. तिला दिसला होता फक्त तो. त्यानं हात लांब करून बोट दाखवलं, तेव्हा तिचं लक्ष गेलं. तिनं सूर मारला. पोर बाहेर आली, खोकली, ओकली, मोठ्यानं रडू लागली. वाचली. भोंगा मात्र तिथेच छातीभर पाण्यात उभा होता. शेवटी आचाऱ्यानं दंड धरून त्याला बाहेर आणलं.

संध्याकाळी तो ताईच्या खोलीत आला. त्याच्या ओठांवरून ताईला बरंचसं कळायचं. 'उद्या जातो,' तो म्हणाला.

"अरे, पोर वाचली ना. तू पाण्यात गेलास म्हणून तर तिचं लक्ष गेलं."

'एक हाक पुरली असती.'

त्याच्या जागी दुसरा कुणी असता, तर तिनंच त्याला घरी पाठवलं असतं. ती म्हणाली, "मुलांसाठी नाही रे, मी तुला माझ्यासाठी आणलं."

'माहीत होतं. म्हणूनच आलो.'

सकाळी मुलं नाश्त्याला बसली असताना तो निघाला. त्याच दिवशी चिमुरडीचे आईवडील येऊन तिलाही घेऊन गेले.

पुढच्या हिवाळ्यात दुखणं उलटलं. ताई दवाखान्यातच राहायला गेली. तो पार वाळला होता, ओठसुद्धा हळू हलायचे. एकदा त्यानं विचारलं, 'ती पोरगी पोहायला शिकली का?'

"शिकली की. मासोळी झालीय नुसती," ताई म्हणाली.

त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. ताईला खोटं बोलता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा हात त्यानं हळूच थोपटला आणि डोळे मिटले. उन्हाळा लागायच्या आत तो गेला.

ताई रडली नाही. आचारी म्हणाला, "यंदा राहू द्या, ताई. लोक समजून घेतील."

"मुलांनी वर्षभर वाट पाहिलीय," ती म्हणाली आणि गाद्या उन्हात टाकायला लागली. काठी घेऊन एकेक गादी झोडू लागली. एका गादीतली धूळ कधीच संपली होती, तरी ती झोडतच होती, झोडतच होती. आचाऱ्यानं जाऊन तिच्या हातातली काठी काढून घेतली, तेव्हा ती मट्‌कन त्याच गादीवर बसली आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. त्यानं तिला सावलीत नेलं, पाणी दिलं, शेजारी बसून राहिला.

ऊन कलल्यावर दोघांनी मिळून उरलेल्या गाद्या झोडल्या.