फडक्याखालची बरणी

शाळा मी दुसरीत सोडली. पण वल्हांडणाच्या सणात माझ्या घरात चूक काढून दाखवा म्हणावं कुणी! आम्ही बेने इस्रायल, मराठी यहुदी. त्या आठ दिवसांत आमच्यात गव्हाची बेखमीर, म्हणजे न आंबवलेली भाकरी तेवढी चालते. बाकी गव्हाच्या पिठाचं, आंबलेलं, आंबवलेलं सगळं फडक्यात बांधून कोपऱ्यात जातं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि माझं लग्नही नुकतंच झालेलं. सांगलीत सुतारकाम करायचो. सासऱ्यांचं पुण्याहून पत्र आलं, ते बायकोनंच वाचलं. 'सणाला येतो. तिकडं आपलं माणूस नाही, नियम कोण सांगणार? एक जरी चूक निघाली, तर लेक दरसाल सणाला पुण्याला येईल.'

माझं डोकं फिरलं. बायकोशिवाय सण? तडक शेजारच्या जैन वाण्याकडं, अण्णांकडं गेलो. काय खावं आणि काय खाऊ नये, यात अण्णांएवढा जाणता माणूस पेठेत नव्हता.

"अण्णा, कांद्यात पीठ आसतं का?"

"न्हाई."

"मग चालतो."

"तुला चालतो रं! मला जल्मभर चालत न्हाई, आन् तू आठ दिसांचं कवतिक सांगतोस व्हय?"

गिऱ्हाइकं खदाखदा हसली. चिंच, मिरी, गूळ, अण्णा एकेक डबा माझ्या नाकाखाली धरत गेले. हिंगावर मात्र थांबले. "ह्यो ठेव खाली गड्या. कणिक मिसळल्याबिगर ह्याचा खडा बनत न्हाई."

घरी येऊन हिंगाची डबीही फडक्यात बांधली. बायको म्हणाली, "अहो, आमटीला वास कशाचा येणार?"

"माझ्या इज्जतीचा!"

सासरे आले ते टोपीसकट सैपाकघरात शिरले. पाटा हुंगला, सूप झटकलं, परातीवर नख घासलं. काही सापडेना. तोंड पाडून जेवायला बसले आणि पिशवीतून बरणी काढली. "तुमच्या सासूबाईंचं लोणचं. खास सणासाठी."

झाकण निघालं आणि वास घरभर पसरला. मी बरणीवर वाकून हुंगलं.

"मामा, हिंग झकास पडलाय."

"मग! हिंगाशिवाय लोणचं असतं का?"

"आन् कणकेशिवाय हिंग?"

मामांनी घास ताटात ठेवला. "कोण म्हणतं?"

मी खिडकीतून ओरडलो, "अण्णाऽऽ, हिंगात काय आसतं?"

"कणिक! किती येळा सांगू रं?"

बायकोनं पदर तोंडात कोंबला. मामा उठले, स्वतःच फडकं मागून घेतलं, बरणीचं तोंड बांधलं आणि आमच्या डबीशेजारी नेऊन ठेवली. परत पाटावर बसून म्हणाले, "पोरी, आमटी वाढ. बिनहिंगाची बरी झालीय."

मामांची लेक सणाला पुण्याला गेली नाही. पुढं दरसाल सासू-सासरेच सणाला सांगलीला यायचे, आणि मी काही विचारायच्या आत मामा उंबऱ्यातूनच बरणी उंच धरून सांगायचे, "हिंग नाही हो यात!"