डाव्या मुठीचा लिव्हर

माझ्या मेहुण्याला कामावर सगळे बर्फ म्हणायचे. रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तो नमुने आणायच्या कामावर होता. शहरभर पसरलेल्या छोट्या केंद्रांवरून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि मोटारसायकलवरून मुख्य इमारतीत पोचवायच्या. दिवसाला अकरा केंद्रं, अकरा फेऱ्या. एकवीस वर्षं त्याने हेच केलं. नाव डब्यातल्या बर्फावरून पडलं, पण माणूसही तसाच. बराच वेळ धरून ठेवला तर थेंबभर बोलायचा.

मी चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्याची गाडी माझ्या दारात यायची. गाडी प्रयोगशाळेची, पण साखळीला तेल, केबलची सफाई हे आम्ही दोघं करायचो. म्हणजे मी करायचो आणि तो पाना हातात द्यायचा.

एका रविवारी तो निघाला आणि पहिला गिअर पडताना खट्ट आवाज आला. क्लच पूर्ण दाबला गेला नाही की असा आवाज येतो. एकदा आला तर चूक म्हणून सोडून देता येतं. पुढच्या रविवारी पुन्हा आला. मी त्याला थांबवलं आणि डावा हात दाखव म्हणालो.

त्याने मूठ वळली आणि उघडली. दोन बोटं उघडली, मधलं आणि त्याच्या शेजारचं तशीच वाकून राहिली. उजव्या हाताने त्याने ती एकेक करून सरळ केली. प्रत्येक बोट सुटताना आतून टकटक झाली. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "बोट आहे की न्हाणीघराची कडी?" तो हसला. तिने कप ठेवला आणि आत गेली. नंतर बराच वेळ ती बाहेर आली नाही.

डॉक्टरला त्याने आधीच दाखवलं होतं, आम्हाला न सांगता. बोटाची शीर तिच्या नळीत अडकते, लहानशी शस्त्रक्रिया करावी लागेल, नंतर तीन आठवडे काही आवळायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला होता.

तीन आठवडे ऐकायला काहीच नाहीत. पण त्या प्रयोगशाळेत ज्याने गाडी सोडली त्याची गाडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला मिळायची आणि त्याला खाली पाठवायचे. खाली म्हणजे तळघर. तिथे वापरलेल्या बाटल्या आणि ट्रे धुवायचे. मी एकदा ती खोली बघितली आहे. खिडकी नाही, जमीन कायम ओली, वाफेने भिंतीचा रंग सुटलेला, दोन ट्यूबपैकी एक लुकलुकणारी. पगार तोच. चार जण खाली गेले होते, वर एकही आला नव्हता.

त्याच्या घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्याच्या बायकोचं शिलाई मशीन आणि दारात खुर्ची टाकून बसलेले माझे सासरे. सासरे आयुष्यभर एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. आता डोक्यातलं बरंचसं गेलं होतं, पहारा तेवढा राहिला होता. मुलाला ओळखायचे नाहीत, पण विचारपूस केल्याशिवाय आत-बाहेर सोडायचेही नाहीत. कोण? काम काय? कुठून आलात? बर्फ रोज संध्याकाळी दारात हेल्मेट काढून उभा राहायचा आणि दिवसभरातल्या अकरा केंद्रांची नावं क्रमाने सांगायचा. म्हातारा बोटांवर मोजायचा. अकरा भरली की पाय आखडून वाट द्यायचा. घराच्या दारापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जेवढा रस्ता होता, तेवढाच त्याचा मोकळा वेळ. तो गाडीवर जायचा.

शस्त्रक्रियेचं नाव काढू नका, बर्फ म्हणाला. मागेपुढे करता येणारे क्लचचे लिव्हर मिळतात, तसा एक बसवू या. कुठल्याशा केंद्रावरच्या पोराच्या गाडीला त्याने पाहिला होता. एक ते सहा आकडे असतात, एकवर ठेवला की हलका होतो, अशी त्याची समजूत.

मला अंदाजावर कष्ट मोजलेले आवडत नाहीत. आधी त्याच्या मागे बसून एका केंद्राची फेरी मारली आणि क्लच किती वेळा दाबतो ते मोजलं. चौऱ्याऐंशी. अकरा फेऱ्यांचे नऊशे चोवीस. मग सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा लिव्हरला मधल्या बोटाच्या जागी अडकवून ओढला. सव्वापाच किलो. म्हणजे ती दोन अडकलेली बोटं धरून हा हात दिवसाला जवळपास पाच टन ओढत होता. कारखान्यात पाच टनाला आम्ही क्रेन मागवायचो.

काटा खिशात घालूनच दुकानात गेलो. विकणारा तिशीतला, केसांना जेल लावलेला. त्याने पहिल्यांदा आखूड लिव्हर काढले, दोन बोटांचे, निळे, आरशासारखे. रेसवाले हेच घेतात म्हणाला. दाखवायला भिंतीशी बर्फाच्याच जातीची एक गाडी उभी होती. मी तिला तो बसवायला लावला आणि काटा अडकवला.

तो म्हणाला, "काका, लिव्हर घेताय की बटाटे?"

काटा पावणेसातवर गेला. आखूड लिव्हरला बोटं तो ज्यावर फिरतो त्या खिळीच्या जवळ येतात, जोर जास्त लागतो. पहारीला आखूड धरून दगड उचलून बघा. मग लांब लिव्हर बसवला. आकडा सहावर ठेवला, सव्वापाच. एकवर ठेवला, तरी सव्वापाच, फार तर काटा किंचित थरथरला. बर्फाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, सगळंच फुकट.

फुकट नव्हतं. त्याचा पंजा लहान. मूळ लिव्हर हँडलच्या मुठीपासून लांब, म्हणून तो बोटांच्या टोकांनी ओढायचा. टोकात जोर नसतो. आकडा कमी केला की लिव्हर मुठीजवळ येतो आणि बोटाच्या मधल्या पेराने धरता येतो. वजन तेवढंच, पकड वेगळी. गोणी हाताने उचलली काय आणि खांद्यावर घेतली काय, गोणी तेवढीच असते. मी त्याला डोळे मिटून सगळ्या आकड्यांवर दाबून बघायला लावलं. चारवर त्याने डोळे उघडले. विकणाऱ्याने तोवर काटा माझ्या हातातून घेतला होता आणि इतर लिव्हर तोलत बसला होता.

लांब, काळा, सहा आकड्यांचा लिव्हर घेतला. दुकानदार जोडी देत होता, क्लच आणि ब्रेक. मी ब्रेकचा नको म्हटलं. उजवा हात ठणठणीत होता. जे बिघडलेलं नाही त्याला हात लावायचा नाही, हे मी चौतीस वर्षं शिकाऊंना सांगत आलो. बर्फ जोडीकडे बघत होता, पण माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. ही चूक माझी.

रविवारी लिव्हर बसवला. खिळीला ग्रीस, केबलच्या टोकाला दोन मिलिमीटर ढील. बर्फ गाडीवर बसला, पहिला गिअर टाकला. आवाज नाही. तीन-चार महिने आवाज आला नाही. सकाळी बोटं अडकायची ती अडकायचीच, पण गाडीवर चालून जायचं.

प्रयोगशाळेत गाड्यांचा एक सुपरवायझर होता. स्वतः बारा वर्षं नमुने वाहिलेला. तो महिन्यातून एकदा टायर, हॉर्न, तेल बघायचा आणि शक्यतो वाकायचा नाही. एका तपासणीला तो बर्फाच्या गाडीसमोर उभा राहिला आणि हँडलकडे बघत राहिला. डावीकडे काळा लिव्हर, उजवीकडे जुना पांढरा. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने विचारलं,

"डावा हात कधीपासून?"

बर्फाने डावा हात पाठीमागे घेतला.

"एकच बदललास की आजार दिसतो," सुपरवायझर म्हणाला. "दोन्ही बदलले असतेस तर शौक दिसला असता. सोमवारी वरचे साहेब येणार आहेत. तोवर उजवा बदल. आणि टाकीवर काहीतरी चकचकीत लाव."

हे बर्फाने मला सांगितलं तेव्हा मी पाना पुसत होतो. पुसतच राहिलो. शिकाऊंना सांगितलेलं सगळं बरोबर होतं, फक्त ते यंत्रांपुरतं होतं.

शनिवारी उजवा घेतला. विकणारा म्हणाला, आलात ना काका परत? ब्रेकचा लिव्हर बसवताना एक बघावं लागतं. तो सोडलेला असताना आतल्या दट्ट्याला दाबून राहता कामा नये, नाहीतर ब्रेक पूर्ण सुटत नाही, चाक घासत जातं आणि तापून शेवटी अडकतं. मी पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. सुटं फिरलं. टाकीवर बर्फाने स्वतःच ज्वाळांचा स्टिकर लावला, जरा तिरका. बहीण म्हणाली, "पन्नाशीत तुला आग लागली म्हणायची." ह्या वेळी तीही हसली आणि तोही.

सोमवारी साहेबांनी गाडी बघितली. स्टिकर बघितला, लिव्हर बघितले, मग बर्फाचे पांढरे कल्ले बघितले. या वयात? असं काहीतरी म्हणाले. सगळे हसले. गाडी पास झाली. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत तो शौकीन ठरला. पोरं त्याला रेसबद्दल विचारायची. आता हात दुखतो म्हणायचीही सोय राहिली नाही. म्हणाला असता तर सुपरवायझर खोटा पडला असता, ज्याने त्याला वाचवला होता तोच. हे त्याला माझ्या आधी कळलं होतं, पण तो बोलला दोन महिन्यांनी.

हाताला स्टिकरशी काही देणंघेणं नव्हतं. चारवरून त्याने लिव्हर तीनवर घेतला. पुढे दोनवर. मला सांगायचा नाही, पण मी रविवारी केबल बघताना आकडा बघायचो. दोन वर्षं भरायच्या आत तो एकवर आला. एकच्या आत आकडा नाही.

गेल्या रविवारी तो चहा न घेताच ओट्यावर बसला. म्हणाला, "दाजी, एकच्या आत घेता येईल?"

येतं. लिव्हरच्या मागे अटकाव असतो, तो कानशीने अर्धा मिलिमीटर घासायचा. दहा मिनिटांचं काम. पण एकवरच लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबला की क्लच जेमतेम सुटत होता. आणखी जवळ घेतला तर लिव्हर मुठीला टेकेल आणि क्लच अर्धवटच सुटेल. सिग्नलला गाडी आपोआप पुढे सरकेल. हे त्याला दाबून दाखवलं. शस्त्रक्रिया करून घे म्हटलं, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. खाली तर खाली, पगार तोच आहे, बाटल्या धुवायला क्लच लागत नाही.

त्याने लिव्हरच्या आकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बाबांना काय सांगू? रोज अकरा नावं मोजून आत घेतात. खाली एकच जागा आहे."

कानस समोर फळीवर होती. मी उचलली नाही आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. त्याने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं उघडली, आधी मधलं, मग शेजारचं. आता तिसरंही उघडावं लागत होतं. हेल्मेट घातलं, बहिणीला बाहेरूनच हाक मारून येतो म्हणाला.

मी हत्यारं पेटीत भरायला घेतली. बाहेर गाडी सुरू झाली, थोडा वेळ जागच्या जागी चालली, आणि मग पहिला गिअर पडला. खट्ट.