पोर्टमास्तरांची निळी वायर

कचेरीत त्यांना सगळे पोर्टमास्तर म्हणत. जिन्याखालच्या कपाटात एकावर एक रचलेले पाच हब, म्हणजे कचेरीतले संगणक एकमेकांना जोडणारे डबे, त्यांत खोल्याखोल्यांतून आलेल्या करड्या वायरी, आणि एखादा पोर्ट, म्हणजे वायर खोचायचं भोक, बिघडला की कपाळाला आठ्या घालून धावणारे मास्तर. वायरीवरून खुर्च्या फिरवायच्या लोकांनी आणि बोलणी खायची मास्तरांनी!

त्या दिवशी मात्र तीनला त्यांना निघायचंच होतं. बायकोच्या डोळ्याची पट्टी निघणार होती. "पट्टी काढतील तेव्हा समोर तुम्हीच हवेत," तिने बजावलं होतं. "लेकीच्या लग्नाची बोलणीसुद्धा तुम्ही फोनवरून केलीत. आता पुरे."

मागून कोणी बोलावू नये म्हणून मास्तरांनी सकाळीच कपाट आवरलं. लोंबकळतं टोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. एक दिसलं, ते रिकाम्या पोर्टात खोचलं, सगळ्या वायरींची जुडी बांधली आणि ते खुशीत चहाला गेले.

चहा संपायच्या आत अख्खी कचेरी ठप्प.

हबवरचे सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. मास्तर खोलीखोलीत टेबलांखाली रांगले. "कोणी काय हलवलं?" विचारून घसा कोरडा पडला. "आम्ही हातसुद्धा लावला नाही," जिकडेतिकडे एकच पालुपद. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा बिघाड आपोआप होतो होय? त्यात साहेब येताजाता "झालं का?" विचारून जखमेवर मीठ चोळत होते. तीन वाजून गेले. घरी फोन करायचं धाडस होईना. कपाट तेवढं त्यांनी तपासलं नाही. ते स्वतःच्या हाताने नीट लावलं होतं ना!

शेवटी हबच बंद करून पुन्हा चालू करावेत म्हणून ते कपाटापुढे उकिडवे बसले, तोच मागून हाक आली.

"अहो."

भावाचा हात धरून बायको उभी होती, एक डोळा घट्ट मिटलेला. "पट्टी काढली तशी मिटूनच आलेय. पहिलं तुम्हालाच बघायचं होतं." तिने डोळा उघडला. "अगबाई! ही एकच निळी का हो? वरच्या डब्यातून निघून खालच्या डब्यात घुसलीय. जाते तरी कुठे?"

मास्तरांनी वायर बोटाने चाचपत नेली. ती कुठेच जात नव्हती. हबचं बोलणं त्यांच्याच कानात परत ओतत होती, आणि त्या गलक्यात बाकी सगळ्यांचा आवाज बुडाला होता. त्यांनी टोक उपसलं. दिवे शांत झाले.

"कोणी लावली होती ती?" साहेबांनी डोळे वटारले.

"मीच," मास्तर कपाटाकडेच बघत म्हणाले.

बायकोने त्यांची बाही ओढली. "आता वळा तरी इकडे. अजून तुमची पाठच दिसलीय मला."